मारवाडी पेढी, लमाण कोयता आणि एक चुकीची तुलना

धाराशिव जिल्ह्यात एक तुलना नेहमी कानावर येते. मोंढ्यातल्या गादीवर येते, लग्नाच्या पंगतीत येते, व्याख्यानमालेतल्या वक्त्याच्या तोंडूनही येते. मारवाडी राजस्थानातून आला, हातात लोटा घेऊन आला आणि तीन पिढ्यांत त्याने दुकान, आडत, बंगला उभा केला. लमाणही राजस्थानातूनच आला, मारवाड्याच्या कितीतरी आधी आला आणि आजही तांड्यावरच आहे. दसरा झाला की बायकापोरांसह कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो. दोघांचे मूळ एक, दोघांच्या वाट्याला आलेला मुलूख एक. मग फरक कशामुळे पडला? उत्तर तयार असते: स्वभावामुळे. एक काटकसरी, दुसरा उधळा. एकाला उद्याची काळजी, दुसऱ्याला आजच्या दारूची.

हे उत्तर चुकीचे आहे. ते ऐकून ऐकून पक्के झाले की तांड्यावरची शाळा, तांड्याला द्यायचे कर्ज, तांड्याच्या नावावर करायची जमीन यांचे निर्णयही त्याच चष्म्यातून होतात. म्हणून ते घातकही आहे. 'यांना दिले तरी काय उपयोग' हे वाक्य याच तुलनेच्या पोटातून निघते.

समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो. मारवाडी व्यापाऱ्याने कष्ट केले, यात शंका नाही. घरदार सोडून परक्या भाषेच्या मुलखात राहायचे, दुकानातच निजायचे, वर्षानुवर्षे वही चोख ठेवायची, हे सोपे नव्हते. आपल्या माणसाला हात देण्याची त्यांची रीतही खरी आहे. माझा आक्षेप त्यांच्या कष्टाला नाही. दुसऱ्याने कष्ट केले नाहीत, हा जो निष्कर्ष त्यातून परस्पर काढला जातो, त्याला आहे.

कारण लमाणही व्यापारीच होता. हे आपण इतके साफ विसरलो आहोत की पुन्हा सांगावे लागते. शेकडो, कधी हजारो बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ मुलूखभर पोचवणे हा त्याचा धंदा. त्याला लदेणी म्हणत. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या त्या लमाणांच्या धान्यावर जगल्या. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणवर आणि १८०३ मध्ये असईवर लढणाऱ्या इंग्रज सैन्याची रसदही त्यांनीच वाहिली. आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. बैलांचे एवढे कळप सांभाळायचे, मालाचा भाव ओळखायचा, चोरवाटा टाळायच्या, लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी व्यवहार राखायचा आणि पावसाळ्याआधी मुक्कामाला पोचायचे. ज्याला उद्याची काळजी नाही त्याला हे काम एक हंगामही जमले नसते. लमाणांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले.

मग काय झाले? १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर अवघे पंचेचाळीस किलोमीटर. पुढे १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९११ पर्यंत तिचे रूळ येडशी, तडवळे, ढोकी करत लातूरला पोचले. बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात गेला. लदेणी एका दिवसात संपली नाही. पण पन्नास वर्षांत ती मोडली आणि तिच्या जागी लमाणाला दुसरे काही मिळाले नाही.

त्याच पन्नास वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती आणि मला ती रेल्वेहूनही महत्त्वाची वाटते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा भाग इंग्रजांकडे सोपवला; १८६० मध्ये तो परत मिळाला. मधल्या काळात मेडोज टेलर नळदुर्गला कारभार पाहत होता. इंग्रजी अमलात आणि पुढे पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांत जमिनीची मोजणी झाली, सारा रोखीत ठरला, कोणती जमीन कोणाच्या नावावर हे कागदावर चढले. कुळाच्या नावाने जमीन लागत होती तेव्हा लमाण बैलांमागे फिरत होता. गावच्या दप्तरात त्याचे घर नव्हते, शेत नव्हते. बैल थांबले तेव्हा त्याच्यासाठी उरले माळरान, गायरान आणि डोंगराचा उतार. तुळजापूर, उमरगा, लोहारा या तालुक्यांतले तांडे पाहा; काळ्या रानात, नदीकाठी किती सापडतात ते शोधा.

रोख साऱ्याने मारवाडी साहुकाराला मात्र जागा करून दिली. शेतकऱ्याच्या घरात ज्वारी असे, रुपया नसे. सरकारला रुपया हवा असे. तो देणारा माणूस गावोगाव लागू लागला. रेल्वे आल्यावर करडई, शेंगा, कापूस, डाळी दूरच्या पेठेला जाऊ लागल्या. माल गोळा करून पाठवणारा आडत्या लागला. ज्या बदलाने लदेणी मेली त्याच बदलाने पेढी जगवली. एकाच काळात एकाच तालुक्यात एक दार बंद झाले, दुसरे उघडले आणि आपण दीडशे वर्षांनी त्या दोघांच्या स्वभावाची चर्चा करत बसलो आहोत.

आता 'लोटा घेऊन आला' या कथेकडे येऊ. राजस्थानातून कोण आले? मारवाडातला जाट शेतकरी आला का? मेघवाल आला का? भिल्ल आला का? दख्खनमध्ये पेढ्या घातल्या त्या मुख्यतः माहेश्वरी, ओसवाल, अगरवाल या वाणी जातींतल्या कुटुंबांनी. त्यांना लिहिता येत होते, वही ठेवता येत होती, हुंडी वटवता येत होती. येणारा तरुण आधी आलेल्या नातेवाइकाच्या पेढीवर मुनीम म्हणून राही, धंदा शिके, मग त्याच पेढीच्या उधारीवर शेजारच्या गावात स्वतःचे दुकान काढी. खिशात पैसा नसेल, पण त्याच्या नावावर हैदराबादपर्यंत कोणीतरी पैसा द्यायला तयार होते. हातातला लोटा आपल्याला दिसला. त्यामागची पत दिसली नाही.

आजही राजस्थानातून माणसे येतात. फरशी बसवणारा येतो, सुतारकाम करणारा येतो, उन्हाळ्यात हातगाडीवर कुल्फी विकणारा येतो. बांधकामावरच पत्र्याखाली झोपतो आणि मिळेल तो पैसा गावी पाठवतो. त्याची गणना आपण 'मारवाडी कसा श्रीमंत झाला' या कथेत करत नाही. जो यशस्वी झाला त्यालाच समाज म्हणायचे आणि मग त्या समाजाचे यश मोजायचे, अशी ही मोजणी आहे.

दोन स्थलांतरित समाज शेजारी उभे करून स्वभाव ठरवण्याची सवय आपल्यापुरती नाही. लेबनॉन आणि इजिप्त या देशांतून बाहेर गेलेल्यांची अशीच तुलना जगभर होते: लेबनीज म्हणजे जातिवंत व्यापारी, इजिप्शियन म्हणजे नोकरदार किंवा मजूर. लेबनीजांची अमेरिकेतली पहिली लाट १८८० ते १९२४ या काळातली. डोंगराळ लेबनॉनातला रेशमाचा धंदा डळमळला तेव्हा माणसे निघाली, गावोगाव पाठीवर गाठोडे घेऊन फेरीवाल्यासारखी फिरली आणि पुढे दुकानदार झाली. मेक्सिकोचा धनाढ्य कार्लोस स्लिम याचे वडील १९०२ मध्ये लेबनॉनहूनच गेले. इजिप्शियन अमेरिकेत मोठ्या संख्येने गेले ते १९६५ चा स्थलांतर कायदा झाल्यावर आणि त्या कायद्याने निवडले डॉक्टर, इंजिनियर, औषधशास्त्रज्ञ. पदवीधरांचे प्रमाण पाहिले तर तिथे इजिप्शियन लेबनीजांच्या पुढे आहेत आणि २००० च्या जनगणनेत दोन्ही गटांचे कौटुंबिक उत्पन्न देशाच्या मध्यकापेक्षा वर होते.

हीच दोन माणसे ऑस्ट्रेलियात पाहा. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे इजिप्तहून गेले ते अलेक्झांड्रिया आणि कैरोतले शिकलेले, तीन-तीन भाषा बोलणारे, कचेरीत काम केलेले लोक. लेबनॉनमध्ये १९७५ ला यादवी पेटली. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाने लेबनीजांसाठी प्रवेशाच्या अटी सैल केल्या आणि खेड्यापाड्यांतली, युद्धाने उखडलेली कुटुंबे सिडनीच्या पश्चिम भागात उतरली. ती कारखान्यांत लागली आणि थोड्याच वर्षांत ते कारखाने बंद पडू लागले. पुढची दोन दशके लेबनॉनमध्ये जन्मलेल्यांतली बेकारी तिथल्या राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी वर राहिली. इजिप्तमध्ये जन्मलेल्यांची स्थिती त्यांच्याहून बरी होती. मग लेबनीजांच्या रक्तातला तो व्यापार सिडनीला पोचेपर्यंत कुठे गेला? आणि त्याच इजिप्तमधून लाखो शेतमजूर इराकमध्ये आणि आखातात राबायला गेले, ते कोणत्या स्वभावाने? कोण निघाला, कधी निघाला, हातात काय घेऊन निघाला आणि पोचल्यावर कोणते काम शिल्लक होते, एवढे चार प्रश्न विचारले की स्वभावाला बोलायला काही उरत नाही.

इजिप्तचे नाव निघाले म्हणून आपल्याच तेरची गोष्ट सांगतो. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या, बहुधा इजिप्तमध्येच राहणाऱ्या एका व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' या ग्रंथात तगर नगराचा उल्लेख केला आहे. तगर म्हणजे आपले तेर. इथले जाडेभरडे कापड खडतर वाटेने गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. तेव्हाचे तेर श्रीमंत होते. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली आणि रोमन घडणीच्या वस्तू त्याची साक्ष देतात. पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि तेर ओसरले. तेरचे विणकर तेव्हा आळशी झाले, असे आजवर एकाही इतिहासकाराने लिहिलेले नाही. तेरला जो न्याय आपण देतो तो लमाणाला का देत नाही?

लदेणी मोडत असतानाच लमाणावर दुसरा घाव कायद्याने घातला. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. निजामाच्या राज्यातही लमाणांकडे गुन्हेगार जमात म्हणूनच पाहिले गेले. भंग्या भुक्या या इतिहासकाराचा निजामकालीन लमाणांवरचा ग्रंथ २०१० मध्ये आला. माल वाहणारा स्वतंत्र माणूस आधी गुराखी, मग मजूर आणि शेवटी संशयित कसा होत गेला, ते त्यात सविस्तर आले आहे. ज्याला पोलिसाकडे हजेरी द्यावी लागते त्याला कोणता साहुकार उधारी देईल? कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण पोलिसाच्या नजरेतून गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ते ज्या धनेगावचे, ते गाव १९८२ पर्यंत आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. त्यांची जमात वेगळी, पण शिक्का तोच.

दारूबद्दल विचारतात. तांड्यावर हातभट्टी होती, काही ठिकाणी आहे, हे कशाला नाकारू? पण क्रम लक्षात घ्या. धंदा मोडला, जमीन मिळाली नाही, गुरे चारायचे रान बंद झाले, त्यानंतर भट्टी पोटाचे साधन झाली. परिणामाला कारण म्हणण्याची घाई या तुलनेत पदोपदी दिसते.

तरीही कोणाला वाटत असेल की कष्टाचे काम आणि गरिबी माणसाच्या वळणातून येते, तर त्याने १९७२ आठवावे किंवा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. त्या दुष्काळात या जिल्ह्यात खडी कोणी फोडली? वतनदार पाटलांच्या सुनांनी फोडली. पन्नास एकरवाल्यांनी फोडली. माळी, मराठा, लिंगायत, मुसलमान, महार, सगळे एका रांगेत बसले, हजेरीपटावर नाव लावले, सुकडी खाल्ली, मिलोची भाकरी खाल्ली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. दोन पावसाळे चुकले आणि सगळा जिल्हा मजूर झाला. त्यातले जे पुण्या-मुंबईला गेले ते पर्वतीच्या उतारावर, धारावीत, मिळेल तिथे राहिले. त्यांच्या मुलांना तिथे कोणी 'उस्मानाबादकडचे, यांच्यात धडपडच नाही' म्हणाले असते तर आपल्याला कसे वाटले असते? ज्यांच्याकडे जमीन होती ते पाऊस आल्यावर परतले आणि सावरले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना परतायला काही नव्हते. फरक तिथे पडला.

जमिनीने काय होते याचा पुरावा लमाणांतच आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीला नाईक घराणे शेतीवर स्थिरावले. त्या घरातला मुलगा वकील झाला आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षे महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. वसंतराव नाईकांचे उदाहरण समोरची मंडळी 'मनात आणले तर होते' म्हणून देतात. मी ते उलट्या बाजूने वाचतो. बोली तीच, तांडा तोच, सणवार तेच. पायाखाली जमीन होती आणि शाळेपर्यंत जायची सोय होती.

आता आजच्या कोयत्याकडे पाहू, कारण या वादाचे खरे मर्म तिथे आहे. पेढीवर आलेल्या तरुणाला सुरुवातीला उसने पैसे मिळत. ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यालाही सुरुवातीला उसने पैसे मिळतात; त्याला उचल म्हणतात. दोन्ही व्यवहार वरून सारखे दिसतात. पण पेढीच्या उधारीतून माल येई आणि माल विकून नफा उरे. मुकादमाच्या उचलीतून येते ती घरातल्या लग्नाची, आजारपणाची, पावसाळ्यातल्या किराण्याची भरपाई. फेडायची असते अंगमेहनतीने. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस बाई आजारी पडली तर खाडा लागतो आणि रक्कम कापली जाते. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली तेव्हा तोडणीचा दर टनाला साधारण २७३ रुपयांवरून ३६६ झाला. पहाटेपासून राबून जोडप्याने दोन टन तोडले तर दिवसाचे दोघांत मिळून सव्वासातशे-साडेसातशे. त्यातून उचल वळती होते. हंगाम संपतो तेव्हा अनेकदा काही रक्कम अंगावर राहते, ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते. ही काटकसर करून सुटणारी गाठ नाही. दोघे कितीही निर्व्यसनी असोत, या व्यवहारात भांडवल तयार होण्याची जागाच ठेवलेली नाही. आणि कोयता घेऊन निघणारे एकटे लमाण नाहीत; भूम, वाशी, कळंबकडून वंजारी जातात, मराठा जातात, दलित जातात. सगळ्यांच्या वाट्याला तेच येते, कारण व्यवहार तोच आहे.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. हा लेख वाचून कोणी मारवाड्याविरुद्ध बोट रोखू नये. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात आणि पुणे-नगरच्या गावांत शेतकऱ्यांनी साहुकारांच्या वह्या, कर्जखते जाळली, तेव्हा राग खरा होता. पण साऱ्याचा बोजा सरकारने लादला होता. मारवाड्याची जातच लुटारू म्हणणे आणि लमाणाची जातच उधळी म्हणणे या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. मारवाड्याचेही नशीब बाजारपेठेने ठरवले. लातूरला १९११ मध्ये रूळ पोचले आणि तिथला मोंढा वाढत गेला. धाराशिव शहर त्या रुळांवर नव्हते, गाडी इथे आली ती रुंदीकरणानंतर, २००७-०८ च्या सुमारास. दोन्ही गावच्या व्यापाऱ्यांच्या वह्या सारख्याच चोख होत्या. पेठ मात्र लातूरची मोठी झाली.

सरकारी कागदाने माणसाची वाट कशी बदलते तेही आपल्या सीमेवर पाहता येते. उमरग्याच्या पुढे आळंदला लमाण अनुसूचित जातीत मोडतो. तेलंगणात तोच अनुसूचित जमातीत. उमरग्यात विमुक्त जातीत, म्हणजे विधानसभेत आणि लोकसभेत त्याला एकही राखीव जागा नाही. तिन्हीकडे रोटीबेटीचे नाते असलेली माणसे. मराठ्यांना हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर त्याच गॅझेटच्या आधारे लमाण म्हणजेच बंजारा समाज मोर्चे काढू लागला तेव्हा 'यांना अचानक काय झाले' असे विचारले गेले. त्यात अचानक काही नव्हते.

माझी मागणी साधी आहे. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने पुढच्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला. पण जनगणना उत्पन्न विचारत नाही आणि डोक्यावरची उचलही विचारत नाही. २०१८ पासून हा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, दरमहा कसल्या कसल्या निर्देशांकांची बेरीज होते. त्याच यंत्रणेने प्रत्येक तांड्यावर जाऊन मोजावे: सातबाऱ्यावर किती जमीन आहे, अंगावर किती उचल आहे, वर्षातले किती महिने घराला कुलूप असते, मुले कोणत्या इयत्तेत शाळा सोडतात, बँकेने किती जणांना कर्ज दिले. हे आकडे गावोगावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. तोवर लमाणाच्या स्वभावावर बोलणाऱ्या वक्त्याला आपल्या व्याख्यानमालेत बोलावू नका आणि बोलावलेच तर त्याला सभेतच उभे राहून हे पाच आकडे विचारा.